छत्तीस स्तोत्रांची नक्कल

कापलेल्या कांदापातीचा वास दुपारी डोळ्यांना लागतो; पहाटे तो घशात उतरतो, गोडसर, ओलसर, मातीची किंचित तुरट कड असलेला. काल पहाटे पाचला खिडकी उघडली, तेव्हा न्हावऱ्याच्या बाजूने आलेल्या कुठल्याशा टेम्पोने तो वास आमच्या गल्लीत सांडून ठेवला होता. मी चटई अंथरून गुडघे टेकण्याच्या तयारीत होते. मनात उमटला तो मात्र वैताग. पुन्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, पुन्हा पाच वाजले, पुन्हा माझे गुडघे कुरकुरू लागले, आणि मी गेल्या वर्षी जिथे होते तिथेच आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीचा मोबाइलवरचा गट साडेचारलाच जागा होतो. उगवता सूर्य, दव चिकटवलेले गुलाब, त्यांवर एखादे वचन, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. 'चाळीस दिवसांत आत्मिक बळ' असे एका शिबिराचे भित्तिपत्रकही कोणीतरी टाकले आहे. त्यावर एक तरुण डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा आहे. त्याला विचारावेसे वाटते, की बाबा रे, एकविसाव्या दिवशी, घोडनदीवरून डासांचे थवे येत असताना, झोप अर्धवट राहिलेली असताना आणि देवाला सांगण्याजोगे काहीही सुचत नसताना तू कुठे उभा असतोस? आत्मिक बळ हे शब्द उच्चारताना लोकांचे चेहरे उजळतात. मला ते ऐकले की दौंडमधली, फिनेलने पुसलेली एक फरशी आठवते आणि रूथमावशींच्या हातातली लाकडी पट्टी.

ही आठवण ज्या उपवासकाळातली आहे, त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर माझी आई गेली. तिच्यामागे माझी प्रार्थनाही गेली, हे मी कोणाला सांगितले नव्हते. विश्वास गेला असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो होता, घरातल्या जुन्या कपाटासारखा जागचा न हलणारा. गेली होती ती बोलण्याची क्षमता. मी आयुष्यभर कविता शिकले, शिरूरच्या महाविद्यालयात ती शिकवली, आणि या शिक्षणाने माझा कान इतका तयार केला होता की मी गुडघे टेकले की वाक्ये येत. सुरेख वाक्ये. देवाला हाक मारताच पुढच्या शब्दाशी तिचा नाद जुळतो का, हे तो कान तपासू लागे. आईविषयी बोलायला जावे तर उपमा आधीच दारात उभी. दोन मिनिटांत माझ्या लक्षात येई की मी प्रार्थना करत नसून तिचा मसुदा सुधारते आहे. मग मी उठून चहा टाकत असे. स्वतःच्या दुःखाला वेलांट्या नीट आहेत ना असे विचारणाऱ्या बाईची चीड तिला स्वतःलाच किती यावी, याला काही मर्यादा असायला हवी होती; नव्हती.

अशात आमच्या पाळकसाहेबांनी एक बेत काढला. शिरूर आणि दौंड या दोन्ही मंडळ्यांनी मिळून, उपवासकाळाच्या दिवसांत, शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, सगळी स्तोत्रे हाताने उतरवून काढायची, त्या पानांचा ग्रंथ बांधायचा आणि ईस्टरच्या सकाळी तो वेदीवर ठेवायचा. माझ्या वाट्याला छत्तीस स्तोत्रे आली. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या मंगळवारापर्यंत, रविवार सोडून, रोज एक. मी हो म्हटले ते भक्तीने नव्हे. मला वाटले, दुसऱ्याची वाक्ये लिहीत बसले तर माझी तरी काही काळ गप्प राहतील.

प्रत्येक लिहिणाऱ्याला एक तपासणारा नेमला होता. मला मिळाल्या रूथमावशी. रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून हयात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि दौंडमध्ये रुळांच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहत. माहेर केंदूरचे; पन्नास वर्षे दौंडात काढूनही बोलणे केंदूरचेच राहिले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी नियम सांगितले. पाचला उठायचे. हात धुवायचे, कोपरापर्यंत. काळी शाई. पांढरा लेप लावून चूक झाकायची नाही. एक चूक झाली तर अख्खे पान पुन्हा लिहायचे. आणि शब्द तीनदा वाचायचा: लिहिण्याआधी, लिहिताना, लिहिल्यावर.

"तीनदा कशाला, मावशी?"

"बाटली उचलताना लेबल वाचायचं, औषध ओतताना वाचायचं, बाटली ठेवताना वाचायचं. एवढं केलं तर माणूस मरत न्हाई."

"हे औषध थोडंच आहे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. उत्तर न देण्याची त्यांची ही पद्धत पुढे सहा आठवडे माझे डोके उठवणार होती, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

दर शनिवारी आठवड्याची पाने घेऊन मी पहाटेच्या एसटीने दौंडला जात असे. कांदा काढणीचे दिवस. न्हावऱ्यापर्यंत बस शेतावर निघालेल्या बायकांनी भरलेली असे. त्यांच्या लुगड्यांना, विळ्यांना, भाकरीच्या फडक्यांनाही तोच वास. कौसाबाई नावाच्या एक बाई बहुधा माझ्या शेजारी बसत. माझ्या मांडीवरची फाइल पाहून पहिल्या दिवशी त्यांनी विचारले,

"म्याडम, पेपर तपासाय निघाला का?"

"नाही, माझेच तपासून घ्यायला निघालेय. देवाची स्तोत्रं आहेत. पुस्तकातून हाताने उतरवून काढतेय."

"पुस्तक हाय न्हवं तुमच्यापाशी?"

"आहे की."

"मंग? छापील मिळत न्हाई व्हय बाजारात?"

"मिळतं."

पुढच्या बाकावरची बाई मान न वळवता म्हणाली, "कौसे, मास्तरणीला शिक्षा लावली आसंल कुनीतरी."

"व्हय का वो?"

"तसंच समजा," मी म्हणाले. आणि ते खोटेही नव्हते. मग त्यांनी एक पान मागितले, दोन बोटांत अगदी काठाला धरून खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिले आणि परत दिले. "अक्षर झ्याक हाय. आन् रोज लिव्हता? सणावारी बी? मला तर वैताग आला आसता." मला तो आलाच होता. त्या पहाटे तो मोठ्याने म्हणणारी ती एकच व्यक्ती भेटली, म्हणून मला तिचे हात धरावेसे वाटले.

दौंडला पोहोचले तेव्हा मावशींनी पाने नाकाशी धरली. "कांद्याचा वास येतोय."

"बसमध्ये एका बाईंनी पाहायला घेतलं होतं."

"येऊ दे. बस."

तपासणीची रीत अशी होती: छापील शास्त्र माझ्या हातात, नक्कल त्यांच्यापुढे. मी छापील मजकूर मोठ्याने वाचायचा. त्यांनी नकलेवर ओळीखाली पट्टी धरायची आणि शब्द जुळला की पट्टी सरकवायची. बाहेर मालगाड्यांचे डबे एकमेकांना धडकत. कडुलिंबाला मोहोर आला होता, आणि त्याचा कडू-गोड वास फिनेलमधूनही वाट काढून आत येई. दुसऱ्या शनिवारी पट्टी अडली.

"पुन्हा वाच."

मी वाचले.

"पुस्तकात 'आणि' हाय. तुझ्यात न्हाई."

मला ठाऊक होते. तो 'आणि' मी काढला होता. एकाच वाक्यात तो तीनदा आला होता, तिसऱ्या वेळी तर चालत्या माणसाच्या चपलेत खडा यावा तसा. "मावशी, तो लयीत अडखळतो. अर्थ बदलत नाही. उलट ओळ किती मोकळी झाली बघा ना."

"झाली."

"मग?"

"पान पुन्हा लिव्ह, कवयित्रीबाई."

त्या पंधरवड्यात मी तीन पाने पुन्हा लिहिली. एकदा विशेषण बदलले होते, एकदा क्रियापद पुढे घेतले होते. एकदा तर मला स्वतःलाही कळले नव्हते, हाताने परस्पर केले होते. मी चिडून पाळकसाहेबांना फोन केला, की दुसरा तपासनीस द्या. ते हसले आणि म्हणाले, "बाई, त्यांच्याकडेच पाठवायचं म्हणून तुम्हाला निवडलं." धर्मकार्यातली माणसे अशा वेळी हसतात, तेव्हा त्यांच्याइतकी असह्य माणसे दुसरी नसतात.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी मी लिहिलेच नाही. बारावीच्या परीक्षेचे पर्यवेक्षण होते, हे खरे. ते साडेदहाला होते आणि मी पाचलाच उठले होते, हेही खरे. त्या दिवशीचे स्तोत्र मी उघडले, लिहिण्याआधीचे वाचन केले आणि पुस्तक मिटले. शास्त्रातली बाकीची विलापस्तोत्रे कितीही खोल गेली तरी शेवटी वळतात. कुठेतरी एक 'तरी' येतो, एक स्तुती येते, आणि रडणाऱ्याला कोणीतरी हात देऊन वर घेते. हे एकच वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच थांबते, मध्येच वीज गेल्यासारखे. त्याखाली पुढच्या स्तोत्राचा आकडा, बस.

शनिवारी मावशींनी पाने मोजली नाहीत, नुसते उचलूनच म्हणाल्या, "एक कमी हाय."

"परीक्षा होती. मी इथे बसून आत्ता लिहिते, भरून निघेल."

"काल गोळी राहिली म्हणून आज दोन घेत न्हाईत. राहिली ती राहिली. आता सगळ्यांच्या मागं लिव्हायचं, बुधवारी." मग थोडे थांबून, "परीक्षेपायी राहिलं?"

"हो."

त्यांनी पुन्हा चष्म्यावरून पाहिले.

मी आज जेव्हा लोकांना आत्मिक बळाविषयी बोलताना ऐकते, तेव्हा मला त्या पाच आठवड्यांचा हिशेब लागत नाही. रोज पाचला उठून मला काय मिळाले होते? मनगटात कळ, नखांच्या कडेला न जाणारी शाई, आणि एका वृद्ध परिचारिकेशी 'आणि'वरून भांडण. प्रार्थना तशीच मुकी होती. बळ वाढते आहे हे वाढवणाऱ्याला कधीच कळू नये, ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत संतापजनक तरतूद आहे. व्यायामशाळेत निदान दंड फुगतात. इथे तुम्ही चाळीस दिवस एकाच जागी खणता आणि खड्डाही दिसत नाही. मावशी आता सोलापूरला लेकीकडे असतात; थकल्या आहेत, तरी उपवासकाळात अधूनमधून फोन करतात. प्रकृती, हवामान, काही विचारत नाहीत. "आजची घेतली का?" एवढेच. मी घेतली म्हणते. कधी घेतलेली नसते, आणि ते त्यांना सोलापुरातून कळते.

पवित्र सप्ताहातला तो बुधवार. पाचला उठले, हात धुतले कोपरापर्यंत, आणि ते राहिलेले स्तोत्र लिहिले. एकही शब्द बदलला नाही, एक मात्राही नाही. सहा आठवड्यांत मी तेवढी वळणावर आले होते. शेवटच्या ओळीशी आले, ती लिहिली, आणि पेन उचलता येईना. पान खाली बरेच कोरे होते. मग मी तिथे एक ओळ लिहिली. उजेडाची. साधीच, त्या जुन्या भाषेत अशी बेमालूम बसणारी की आयुष्यभराची कारागिरी तिच्यात उतरली होती. लिहून झाल्यावर मी तिच्याकडे पाहत राहिले आणि मला फार बरे वाटले. त्या अख्ख्या उपवासकाळात मला बरे वाटले ते तेवढेच.

दौंडला गेले तेव्हा दुपार झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाने बांधणाऱ्याकडे द्यायची होती. टेबलावर बाकीच्यांचे गठ्ठे दोऱ्याने बांधून तयार होते. मावशींनी पट्टी घेतली. मी वाचू लागले. सोमवारचे पान झाले, मंगळवारचे झाले. मग हे आले. पट्टी ओळीमागून ओळ सरकत राहिली. छापील मजकूर संपला, आणि मी थांबले नाही. पुस्तकावर नजर तशीच ठेवून, आवाजही न बदलता, मी माझी ओळ शास्त्रातली म्हणून वाचली.

पट्टी सरकली नाही.

"पुस्तक दे इकडं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, बोटाने शेवटपर्यंत गेल्या आणि पुस्तक उघडेच टेबलावर ठेवले. त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

"ही कुणाची?"

"माझी."

"चांगली हाय."

"मावशी, ईस्टरच्या दिवशी कोणीतरी नेमकं हेच पान उघडेल. आजारी असेल कोणी. त्याला असं मध्येच सोडून द्यायचं का? देवाच्या पुस्तकानं असं करावं का?"

"कुणाला सोडलं?"

त्यांनी कपाटातून नवा कागद काढला, तो माझ्यापुढे सरळ ठेवला, शाईची दौत उघडली आणि समोरची खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणून बसल्या. "लिव्ह. मी वाचते."

त्या वाचत होत्या सपाट आवाजात, खाटेला लावलेला तापाचा तक्ता वाचावा तशा. कुठे जोर नाही, कुठे कंप नाही. मी लिहीत होते आणि संतापत होते. त्यांच्यावर, पाळकसाहेबांवर, त्या न वळणाऱ्या स्तोत्रावर, ते शास्त्रात तसेच राहू देणाऱ्या सगळ्या पिढ्यांवर. इतक्या शतकांत एकालाही वाटले नाही की खाली एक ओळ घालावी. बाहेर इंजिनाने लांबलचक शिटी दिली. मावशी ती संपेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा तिथूनच वाचू लागल्या. शेवटची ओळ आली. त्यांनी ती वाचली. मी ती लिहिली. शेवटचा शब्द अंधाराचा होता, तो पुरा केला, आणि पेन हातात तसेच धरून मी बोलू लागले. मावशींशी नव्हे.

"लाइट लावलेला होता. ती लाव म्हणत होती. सारखं, लाइट लाव गं, लाइट लाव गं. ट्यूब चालू होती डोक्यावर. मी लावते म्हणाले. लावते आई म्हणाले आणि उठले आणि बटणापाशी जाऊन उभी राहिले, बटण खालीच होतं, चालूच होतं, मी काय लावू? दोन दिवस. दोन दिवस मी उठत होते आणि बटणापाशी जात होते. तू काय करत होतास? तुला एवढं पण, तुला काय जड होतं? मला कंटाळा आलाय. तुझा कंटाळा आलाय मला. रोज पाचला उठते मी, रोज, आणि तू, मला काही येत नाही बोलायला, मला काहीच, ती लाइट लाव म्हणत होती आणि लाइट होता..."

वाक्य संपले नाही. त्याला शेवट नव्हता आणि मला तो सुचलाही नाही. शाईचा एक थेंब पेनाच्या टोकाशी जमत होता; मावशींनी माझे मनगट धरून ते कागदावरून बाजूला घेतले आणि धरूनच ठेवले. त्यांनी डोळे मिटले होते. केव्हापासून, कोण जाणे. मग त्या म्हणाल्या,

"आमेन."